नोझल बदललं, पंप तोच

तक्रार बियाण्याची होती. जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने अर्ज दिला होता: बीटी कपाशीचं बियाणं भेसळीचं निघालं, पानं भेंडीसारखी फाटून येतायत, भरपाई मिळावी. अशा अर्जावर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात जाऊन पंचनामा करते. विद्यापीठाकडून मी होतो. बांधावर बियाणे कंपनीचा माणूस, कृषी सेवा केंद्राचे मालक, शेजारचे मकावाले काका आणि निम्मं गाव.

कपाशी पन्नास दिवसांची, चार फुटांवर तासं, म्हणजे पिकाच्या ओळी. पश्चिमेला बांधापलीकडे मका, पूर्वेला विहीर आणि पाण्याचा ड्रम. बिघडलेली झाडं सगळी पूर्वेच्या बाजूला, विहिरीलगतच्या पाच तासांत. पानं लांबट, अरुंद, बोटांसारखी चिरलेली. शिरा एकमेकींना समांतर, मधला पडदा आक्रसून पानाला चुण्या पडलेल्या. भेंडीच्या पानाची आठवण व्हावी अशी.

बियाण्याचा प्रश्न दहा मिनिटांत निकालात निघाला. खोल चिरलेली पानं हा वाणाचा गुण असेल, तर तो पहिल्या दोन-चार खऱ्या पानांनंतर दिसायला लागतो आणि पुढे तसाच राहतो. भेसळ असेल, तर अशी झाडं शेतभर विखुरलेली सापडतात, सलग पाच तासांत रांगेने उभी राहत नाहीत. इथे खालची पानं रुंद, पंजाच्या आकाराची, निरोगी होती. बिघाड वरच्या आठ पानांत. मधेच कधीतरी झाडावर काहीतरी येऊन पडलं होतं.

कधी पडलं, हे झाडच सांगतं. कपाशीच्या मुख्य खोडावर साधारण तीन दिवसांनी एक नवं पेर येतं. आठ पानं वेडीवाकडी, त्यातली दोनेक त्या वेळी शेंड्यात कळीच्या रूपात असणार, कारण उघडायची राहिलेली पानंसुद्धा बिघडून उघडतात. उरली सहा. सहा त्रिक अठरा दिवस. शेतकऱ्याला विचारलं, अठरा-वीस दिवसांपूर्वी काय मारलं होतं? मावा-तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी, फ्लोनिकामिड ५० टक्के, दहा लिटरला ३ ग्रॅम. औषध बरोबर, मात्राही बरोबर. त्याने अशी पानं होत नाहीत. ही खूण टू-फोर-डी या तणनाशकाची.

हे नाव काढताच वाद पेटला. शेतकरी म्हणाला, "तरी म्हणलं, काकाच्या मक्यावरूनच उडून आलं!" काका म्हणाले, "मी वारा बघून मारलं." मक्यातल्या रुंद पानांच्या तणांवर त्यांनी टू-फोर-डी मारलं होतं, हे त्यांनी लपवलं नाही. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे मक्याकडून कपाशीकडे. ऐकणाऱ्याला पटेल असाच आरोप.

पण वाऱ्याने आलेलं तणनाशक बांधाला सर्वात जास्त लागतं आणि आत जाऊ तसं कमी होत जातं. इथे उलट होतं. मक्याला चिकटून असलेलं पश्चिमेचं पहिलं तास ठणठणीत. बांधावर भेंडीची चार झाडं आणि तुरीची ओळ होती, त्यांच्या एकाही शेंड्याला पीळ नव्हता. ही दोन्ही झाडं टू-फोर-डीला हळवी. वाफ किंवा तुषार तिकडून गेले असते, तर आधी तीच वाकली असती. शिवाय नुकसानीला कडा होती. पाचव्या तासानंतर एक-दोन तासांत पुसट खुणा, मग स्वच्छ पीक. वारा अशी रेघ ओढत नाही.

मी ड्रमपासून पहिल्या तासात शिरलो. सुरुवातीच्या सात-आठ फुटांतली झाडं सगळ्यात वाईट: देठांना पीळ, खोड फुगून तडकलेलं, दोन झाडं वाळलेली. त्यापुढे तोच बिघाड बराच सौम्य आणि पाचही ओळींत जवळपास सारखा. तासाची लांबी पावलांनी मोजली, अंदाजे २२० फूट. पाच तासं, चार फूट अंतर: ४,४०० चौरस फूट, म्हणजे चार गुंठे. एकराला किती पंप, म्हणजे भरलेल्या टाक्या, लागले, असं विचारल्यावर शेतकरी म्हणाला, दहा. चाळीस गुंठ्यांना दहा पंप, एका पंपाला चार गुंठे. नुकसान बरोबर पहिल्या पंपाएवढं होतं.

पंप काकांचा. सोळा लिटरचा, बॅटरीवरचा. आदल्या दिवशी मक्यात चाललेला, दुसऱ्या सकाळी उसना आणलेला. "धुतला होता साहेब, दोनदा खळबळला. नोझलपण बदललं." हे खरं होतं. तणनाशकाचं सपाट फवाऱ्याचं नोझल काढून कीटकनाशकाचं गोल शंकूचं लावलं होतं. टाकीत पाणी घालून, हलवून, तोंडातून ओतून दिलं होतं. पण ते पाणी नळीतून गेलंच नव्हतं. मोटर, नळी, लान्स (नोझल बसवलेली दांडी) आणि गाळणी यांत आदल्या दिवसाचं द्रावण जसंच्या तसं बसलेलं.

हिशोब मी तिथेच वहीत मांडून सगळ्यांना दाखवला. टू-फोर-डीचं अमाईन सॉल्ट ५८ टक्के हे मक्याला हेक्टरी ५०० ग्रॅम क्रियाशील घटक या मात्रेने देतात, एकरी २०० ग्रॅम. दोनशे लिटर पाण्यात मिसळलं, तर लिटरला १ ग्रॅम. नळीत आणि लान्समध्ये शंभरेक मिली राहिलं असं धरा. कळ दाबताच ते न मिसळता बाहेर पडतं आणि पहिल्या सात फुटांना जवळपास मक्याचीच पूर्ण मात्रा मिळते. मोटरीत, तळाशी आणि गाळणीत आणखी शंभर मिली, म्हणजे ०.१ ग्रॅम, ते सोळा लिटरमध्ये मिसळून चार गुंठ्यांवर पसरतं. चार गुंठ्यांची मक्याची मात्रा २० ग्रॅम. कपाशीला मिळाला तिचा दोनशेवा भाग. पानं फाटायला तेवढा पुरतो.

दुकानदार म्हणाले, "मग औषधात दोष नाही, वापरणाऱ्यात आहे." गर्दीतला नैसर्गिक शेती करणारा एक तरुण म्हणाला, तणनाशकं बंदच केली पाहिजेत. हा वाद मी प्रत्येक गावात ऐकतो. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हाही तो औषधांच्या नावांभोवती फिरला. तरुणाची कळकळ मला कळते. पण जुलैच्या झडीत काळ्या रानात वाफसा येत नाही, डवरा (कोळपणीचं अवजार) चालत नाही, निंदणीला बाया मिळत नाहीत. तेव्हा तणनाशक हाच हाताशी उरलेला उपाय असतो. आणि दुकानदारांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. कपाशीच्या गावात, खरिपात, दोनशेव्या भागाने कपाशी बिघडवणारं औषध काउंटरवरून देताना "कुठल्या पंपाने मारणार?" हा प्रश्न विचारणं विकणाऱ्याचं काम आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये या गटातल्या तणनाशकांना जिल्हावार वेगळे नियम आहेत. आपल्याकडे २०२२ साली ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर अधिसूचनेने फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला, पण मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं चोरून पेरलं जातं आणि त्यावर ग्लायफोसेट मारलंही जातं. कागदावरच्या बंदीने पंप धुतला जात नाही. कपाशीच्या तालुक्यांत टू-फोर-डीचा एस्टर प्रकार तरी खरिपात विकू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एस्टर उन्हात वाफ होऊन दूर जातो आणि नळीच्या रबरात मुरतो. नुसत्या पाण्याने निघत नाही आणि पुढच्या ईसी (तेलकट, पाण्यात दुधाळ होणाऱ्या) औषधाबरोबर बाहेर येतो.

धुण्याची रीत त्याच पंपावर करून दाखवली. टाकी पूर्ण रिकामी करायची. दोन-तीन लिटर पाणी घालून, झाकण लावून हलवायचं आणि ते लान्समधून फवारून काढायचं, हे तीनदा. मग टाकी पाण्याने भरून धुण्याचा सोडा घालायचा, लिटरला १० ग्रॅम. मिनिटभर फवारायचं, म्हणजे नळीत सोड्याचं पाणी भरतं, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. नोझल, गाळणी, वॉशर काढून वेगळे भिजवायचे. सकाळी सोड्याचं पाणीही लान्समधूनच काढायचं आणि पुन्हा दोनदा साध्या पाण्याने धुवायचं. धुवण विहिरीजवळ किंवा ओढ्याकडे ओतायचं नाही. ज्या पिकात औषध मारलं, त्याच पिकात फवारायचं. खात्री हवी असेल, तर धुतलेल्या पंपाने भेंडीच्या किंवा टोमॅटोच्या चार-सहा रोपांवर साधं पाणी मारून दोन दिवस थांबावं. देठ वळले, तर पंप अजून कपाशीच्या कामाचा नाही. बादली, मोजमाप, ढवळायची काठी या गोष्टीही विसरल्या जातात. खरा उपाय मात्र एकच, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं.

शेतकरी पाच तासं उपटायला निघाला होता. थांबवलं. मेलेला शेंडा असेल तिथे खुडावा, २ टक्के युरियाची फवारणी द्यावी, ओल टिकवावी. टॉनिकवर पैसे घालवू नयेत. फुलपाती (फुलांच्या कळ्या) सुरू होण्याच्या जरा आधी मार बसलाय, त्यामुळे बोंडं उशिरा लागतील, पण कपाशी वाढत राहणारं पीक आहे. पाचव्या तासात शेंड्याची नवी पानं रुंद व्हायला लागलीही होती. पहिल्या सात फुटांची आशा सोडावी. कपाशीतल्या तणांसाठी गवतवर्गीयांवर क्विझालोफॉप-इथाइल आणि रुंद पानांवर पायरीथायोबॅक सोडियम आहे, तेही लेबलवरच्या मात्रेतच.

निघताना पाणी भरायला थांबलेला ड्रोनवाला मुलगा सगळं ऐकत होता. त्याला बाजूला घेऊन वेगळा हिशोब सांगावा लागला. ड्रोनमध्ये एकराची तीच २०० ग्रॅमची मात्रा दहा लिटरमध्ये जाते, म्हणजे लिटरला २० ग्रॅम. पाठीवरच्या पंपात राहिलेल्या शंभर मिलीत ०.१ ग्रॅम असतं, ड्रोनच्या नळ्यांत तेवढंच राहिलं तर २ ग्रॅम, आणि तो त्याच दिवशी मक्यावरून कपाशीवर जातो. त्याच्याकडे सुटी टाकी होती, पण नळ्यांचा आणि नोझलचा दुसरा संच नव्हता. तो घेईपर्यंत टू-फोर-डीची कामं स्वीकारू नकोस, असं त्याला सांगितलं.

पंचनाम्यात लिहिलं: बियाण्यात दोष नाही, लक्षणं टू-फोर-डीची, स्रोत फवारणी पंपातला अवशेष, बाधित क्षेत्र चार गुंठे. काकांनी आणि शेतकऱ्याने दोघांनीही सही केली.