पैसे आले होते, पासबुकात नव्हते

एप्रिल २०२०. निफाड तालुक्यात द्राक्षाला उठाव नव्हता, बऱ्याच जणांनी माल बेदाण्याला टाकला होता. पीएम-किसानचा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देऊ, असं केंद्राने २६ मार्चला जाहीर केलं होतं. हे जादा पैसे नव्हते, वर्षाच्या सहा हजारांतलाच दोन हजारांचा हप्ता लवकर सोडलेला. त्याच आठवड्यात जनधनच्या महिलांचे पाचशेही येत होते, त्यामुळे बँक मित्राच्या, म्हणजे बँकेने नेमलेल्या गावातल्या प्रतिनिधीच्या, टेबलापुढे खडूच्या चौकोनांत रांग लागायची.

त्या रांगेत एक आजी पासबुक घेऊन आल्या. २०१९चे हप्ते त्यात नोंदलेले, हा मात्र नाही. शाखेतून दोनदा परत आलेल्या. "ते म्हणत्यात आधार लिंक हाय. मग पैसं गेलं कुठं?"

बँक मित्राने पीएम-किसानच्या पोर्टलवर लाभार्थी स्थिती उघडली. हप्ता जमा झालेला, तारीख आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबरही होता. पेमेंट मोडपुढे 'आधार' होतं आणि बँकेचं नाव वेगळंच. तिथंच उलगडा झाला. तेव्हा मोड 'अकाउंट' असेल तर पैसे खातेनंबर आणि आयएफएससी, म्हणजे शाखेच्या कोडवर जायचे. 'आधार' असेल तर खातेनंबर कोणी पाहत नाही; बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेकडे याच्या यादीत, त्या आधारापुढे जी बँक, तिकडे पैसे. आधार एकाहून जास्त खात्यांना जोडता येतो, पण मॅपरमध्ये बँक एकच, शेवटी नोंदलेली. शाखेतला माणूस केवायसीचं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं, लिंक बघून 'आहे' म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि आजींच्या दोन फेऱ्या त्यात वाया गेल्या.

"आजी, सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता का?"

"दोनदा दिला. पयला उठला नाय म्हणला."

दुसऱ्या अंगठ्यावर त्या वेगळ्या बँकेत आजींच्या नावाने खातं उघडलेलं होतं.

पैसे काढणं सोपं होतं. एईपीएसला, म्हणजे आधार आणि बोटाच्या ठशावर पैसे काढायच्या सोयीत, आपल्या बँकेऐवजी यादीतून ती बँक निवडायची, आधार टाकायचा, बोट ठेवायचं. पण आयुष्यभर विळा-खुरपं धरून रेषा झिजलेल्या, त्यात नुकतंच सॅनिटायझर लावलेलं. ओलं बोट ठेवलं की काचेवर डाग उरतो आणि पुढचं बोटही उठत नाही. काच कोरड्या फडक्याने पुसली, आजींचे हात पूर्ण वाळू दिले. अंगठा तीनदा नापास झाला. डाव्या हाताचं मधलं बोट जरा जोर देऊन ठेवलं, तेव्हा दोन हजार निघाले. पावती त्यांच्या हातात दिली.

खरं काम पुढचं. स्वतःच्या शाखेत आधार संमतीचा फॉर्म भरताना 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) दुसऱ्या बँकेतून इकडे' या रकान्यावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं. ते राहिलं की आधार नुसता केवायसीत चढतो, मॅपर जागचा हलत नाही. आजींचा फॉर्म इथंच भरून घेतला, पोच म्हणून एक प्रत शिक्का मारून परत मागा, असं बजावलं. आठवड्यानंतर मोबाइलवरून *९९*९९*१# वर आधार टाकून पाहिलं, तर जुनीच बँक. पोच होती म्हणून शाखेला पुन्हा विचारता आलं. तेव्हा कळलं, फॉर्म फाइलला लागला होता, सिस्टीममध्ये टाकायचाच राहिला होता.

सहावा हप्ता ९ ऑगस्टला सुटला. तो आजींच्या पासबुकात उठला.