लव्हाळा विरुद्ध मी

आजचा रविवार खुरपण्यात गेला. नेरूळला सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत काही घरांनी वाफे वाटून घेतले होते. आता बहुतेकांचा उत्साह आटलाय आणि त्यांच्या ओसाड वाफ्यांतलं तण माझ्याकडे मुक्कामाला येतं.

गाजरगवत एक वेळ परवडलं. हातमोजे घालायचे, फुलावर यायच्या आत ओल्या मातीतून मुळासकट उपटायचं. खरा वैताग लव्हाळ्याचा! वरून कितीही कापा, खालच्या गाठी शाबूत. एक ओढली की तिला जोडलेली दुसरी तुटून आतच राहते आणि चार दिवसांत पुन्हा हिरवीगार पाती वर. त्यात आमची माती म्हणजे भरावाचा मुरूम. खुरपं खणकन विटेवर आपटतं.

कमिटीतले एक काका म्हणाले, "अहो, कशाला एवढा त्रास? पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करू की!" (पार्किंगची बोंब आहे, हे मात्र खरं.)

आता ताग दाट पेरणार. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. साधारण 45 दिवसांनी, फुलं धरता धरता, ताग तिथेच गाडायचा; मातीला नत्रही मिळेल.

शेजारचा वाफा कुणाला हवाय का? जास्तीचं खुरपं आहे माझ्याकडे.