ताई, एक पत्र देऊन टाका

मी मिशिगनमध्ये फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करते आणि माझ्या नावापुढे एमडी नाही, डीओ आहे (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, अमेरिकेत डॉक्टर होण्याची दुसरी पदवी). म्हणजे गणपतीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला एक जादा काम असतं: शिफारसपत्रं. ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांचे अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला खुले होतात. अर्ज येतील तसतशा मुलाखती आणि प्रवेश देत जातात, म्हणून सगळ्यांना पहिल्या काही आठवड्यांतच फाइल पूर्ण करायची घाई. त्यात बऱ्याच कॉलेजांना डॉक्टरचं पत्र लागतं. एमडीचं चालतं पुष्कळ ठिकाणी, पण डीओचं असेल तर उत्तम, असा सूर असतो. आता इथल्या मराठी मंडळींत डीओ शोधायला निघालात तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्यामुळे फिरून फिरून सगळे माझ्याच दारात.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरती संपता संपता एका ओळखीच्या गृहस्थांनी मला गाठलं. हातात प्रसादाची प्लेट, शेजारी कॉलेजात जाणारी लेक.

"ताई, हिला एक पत्र देऊन टाका. तुम्ही काय, लहानपणापासून बघताय हिला."

'देऊन टाका' हे आपल्याकडचं खास. जणू माझ्या पर्समध्ये सह्या केलेले कागद असतात आणि फक्त नाव घालायचं बाकी असतं. मुलगी बिचारी कानकोंडी होऊन चपलांकडे बघत होती. पुढे ते असंही म्हणाले, की खरं तर एमडीचंच बघतोय, पण नाहीच जमलं तर हे एक असलेलं बरं. मग कोणाशी बोलतोय ते लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

मला त्याचं काही वाटत नाही, सवय झाली आहे. मी डीओ झाले तेव्हा साताऱ्याच्या आत्याने फोनवर विचारलं होतं, "म्हणजे हाडवैद्य का गं?" आणि आत्या काही अगदीच चुकीची नव्हती. ज्यांनी हे सुरू केलं ते अँड्र्यू टेलर स्टिल एके काळी गावोगाव फिरून 'विजेच्या वेगाने हाडं बसवणारा' अशी स्वतःची जाहिरात करत. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि १८९२ मध्ये त्यांनी मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. आजचा अमेरिकेतला डीओ औषधं देतो, शस्त्रक्रिया करतो, पन्नासही राज्यांत त्याला एमडीइतकेच अधिकार आहेत. शिवाय हातांनी तपासण्याचं आणि उपचार करण्याचं वेगळं शिक्षण त्याने घेतलेलं असतं. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ निराळा, तो एमबीबीएससारखा डॉक्टर नसतो, आणि सगळा घोळ तिथून होतो. पण हे सगळं प्रसादाच्या रांगेत कुठे सांगत बसणार? मी मुलीला एवढंच म्हटलं, "शुक्रवारी क्लिनिकला येत जा. पत्राचं मग बघू."

यात माझा हट्ट आहे आणि त्याला कारण आहे. काही वर्षं मी एका कॉलेजसाठी प्रवेशाच्या मुलाखती घेत होते, तेव्हा अशा पत्रांच्या फायली वाचल्या आहेत. डॉक्टरचं पत्र बहुतेक वेळा फाइलमधलं सगळ्यात पोकळ पत्र असतं. मुलगा वेळेवर आला, नम्र होता, चांगले प्रश्न विचारले, उत्तम डॉक्टर होईल याची खात्री वाटते. खाली सही. यात डॉक्टरचाही फारसा दोष नाही. कोपऱ्यात गप्प बसून बघणाऱ्या मुलाबद्दल तो आणखी लिहिणार काय? रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे निदान मार्क तरी असतात. आणि लहानपणापासून बघत असल्याचा उपयोग शून्य. किंबहुना तोटाच, कारण नात्यातल्या माणसाचं पत्र चालत नाही. ही मला मावशी म्हणते, तेव्हा आमचं रक्ताचं नातं नाही हे आधी स्पष्ट करावं लागणार होतं.

ती येऊ लागली. गुप्ततेच्या कागदावर सही केली, पांढरा कोट घालायचा नाही म्हटल्यावर घातला नाही. माझे नियम साधे: पेशंटची परवानगी असेल तरच खोलीत यायचं, दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, कोणाला हात लावायचा नाही, पेशंटसमोर शेरे मारायचे नाहीत. क्लिनिकमध्ये ती मला डॉक्टर म्हणायची, मावशी बाहेर पार्किंग लॉटमध्ये. मुलगी चांगली होती, पण पत्रात काय लिहावं ते मला ऑक्टोबरपर्यंत सुचलं नव्हतं.

ऑक्टोबरात आमच्या सॅगिनॉ खोऱ्यात शुगर बीटचा हंगाम भरात असतो. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्याकडे कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागते, तसे इथे बीटचे ट्रक. त्या शुक्रवारी दुपारी असाच एक ट्रकवाला आला. (त्याची ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी मी इथे बदलल्या आहेत.) पन्नाशीचा, धिप्पाड, बोलका. उजव्या बाजूला बरगडीत धरलंय, श्वास घेताना लागतं, मागे एकदा तुम्ही बसवून दिलं होतं तसंच द्या आणि मला सोडा, ट्रक भरून उभा आहे. आमच्या मेडिकल असिस्टंटने लिहून ठेवलं होतं: नाडी १०४, ऑक्सिजन ९४. "धावत आलो ना," तो म्हणाला.

उपचाराचं टेबल बुटकं आणि रुंद असतं. त्यावर आडवं व्हायचं म्हणून त्याने बूट काढले. मी त्या वेळी संगणकावर त्याच्या जुन्या नोंदी बघत होते. मग मागे उभी राहून बरगड्या तपासल्या. बोटांखाली चार गोष्टी शोधायच्या असतात: स्नायूचा पोत बदललाय का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हालचाल अडतेय का, आणि दाबल्यावर दुखतंय का. बरगडी अडली असेल तर बोटं बोलतात. इथे बोटं गप्प होती. श्वासाबरोबर बरगड्या दोन्हीकडे व्यवस्थित उघडत होत्या. त्याने बोट ठेवून दाखवलेल्या जागी मी दाबलं तर दुखेना, पण खोल श्वास घेतला की तो ओठ आवळायचा. १०४ ची नाडी पाच मिनिटं बसूनही उतरली नव्हती. मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब, आणि स्टेथोस्कोप गळ्यात टाकून बाहेर आले.

ती मागोमाग आली. दार नीट लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, एक सांगू? कदाचित महत्त्वाचं नसेल. त्यांचा उजवा बूट सहज निघाला. डावा निघेना. लेस अगदी खालपर्यंत सोडली, तरी दोन्ही हातांनी ओढावा लागला. आणि मोज्याचा वळ डाव्या पायावर खोल आहे, उजव्यावर नाही."

बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाची नजर पेशंटच्या पावलांच्या उंचीला येते. ते स्टूल मी जागेच्या टंचाईपायी ठेवलेलं.

मी विचारलं, "मग त्यावरून तुला काय वाटतं?"

"मला त्यातलं कळत नाही. दिसलं ते सांगितलं."

हे उत्तर मला फार आवडलं. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं अशा वेळी इंटरनेटवर वाचलेलं निदान फेकतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. हिने निरीक्षण दिलं आणि तिथेच थांबली.

आत जाऊन मी टेप घेतली. गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो तिथून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी ४ सेंटीमीटरने जाड, आणि दाबल्यावर त्याने पाय मागे घेतला. गुठळीचा संशय किती धरायचा ते मोजायला वेल्सचा तक्ता असतो: पायात रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणं असली तर तीन गुण, नाडी शंभराच्या वर असली तर दीड. चारच्या पुढे गेलं की फुप्फुसात गुठळी गेली असण्याचा संशय दाट धरायचा आणि थेट स्कॅन करायचा. हंगामात दिवसाचे बारा-बारा तास ट्रकमध्ये पाय लोंबकळत बसलेला माणूस, आणि दुखणं म्हणे बरगडीचं.

मी त्याला स्पष्ट सांगितलं: आज काही बसवायचं नाही, ॲम्ब्युलन्स येतेय. तो ऐकेना. ट्रक उभा आहे, बीट उघड्यावर आहे, संध्याकाळी स्वतःच गाडी घेऊन जाईन. मी फोनवर हॉस्पिटलशी बोलत होते तेवढ्यात त्याने तिलाच गाठलं. "तू सांग गं पोरी, एवढं आहे का हे?"

मी कान टवकारले. एवढंच सांगणं पुरे होतं, की हो, खूप गंभीर आहे. किंवा नाही, काही होत नाही. ती म्हणाली, "मी अजून डॉक्टर नाही, मला सांगता येणार नाही. पण डॉक्टर इतक्या तातडीने फोन करताना मी याआधी बघितलेलं नाही. घरी कोणाशी बोलायचंय का तुम्हाला?"

त्याने बायकोला फोन लावला. बायको काय बोलली ते आम्हाला भिंतीपलीकडेही ऐकू आलं. तो ॲम्ब्युलन्समध्ये बसला.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला: दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या, रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं, प्रकृती स्थिर. ट्रक त्याच्या भावाने नेला.

एप्रिलमध्ये मी पत्र लिहायला बसले तेव्हा तासाभरात झालं. सुरुवातीला रीतसर: मी कोण, हिला किती काळ आणि कशी ओळखते, आमची कुटुंबं एकमेकांना ओळखतात पण नातं नाही. मग थेट तो शुक्रवार. पेशंटचा धंदा, वय, महिना, सगळं गाळून 'एक मध्यमवयीन पेशंट' एवढंच ठेवलं. तिने काय पाहिलं, कुठे आणि कसं सांगितलं, काय बोलायचं टाळलं. निदान तिने केलं असं मी लिहिलं नाही, कारण ते खरं नाही. नाडीने मला आधीच खटकलं होतं आणि मी पायापर्यंत पोचलेच असते. हातांच्या उपचारांत तिला काय रस वाटतो त्याचा एक परिच्छेद. ती गर्दीत फार हळू बोलते, तेही लिहिलं. निव्वळ कौतुकाचं पत्र कोणी खरं मानत नाही. लेटरहेड, तारीख, सही, नावापुढे डीओ. मेमध्ये अर्ज खुले झाल्यावर तिच्या अर्जातून आलेल्या लिंकवर पीडीएफ चढवली आणि मोकळी झाले.

आठवड्याने वडिलांचा फोन. "ताई, काय लिहिलंत? एकदा नजरेखालून घातलं असतं."

म्हटलं, पत्र बघण्याचा हक्क तिने अर्जातच सोडलाय, आणि तिने सोडलाय म्हटल्यावर तुमचा तर प्रश्नच येत नाही. विद्यार्थ्याला न दाखवलेल्या पत्राला वजन असतं, म्हणून सगळे तसंच करतात. थोडा वेळ शांतता. मग, "बरं, तेच पत्र एमडीच्या अर्जालाही चालेल ना?"

तेच कसं चालेल? एमडीच्या कॉलेजांची अर्जाची यंत्रणा वेगळी, आणि ऑस्टिओपॅथीसाठी ही मुलगी किती योग्य आहे हे त्यांना वाचायला घालून काय उपयोग? रविवारी पुन्हा बसले. हातांच्या उपचारांचा परिच्छेद काढला, 'ऑस्टिओपॅथिक' हा शब्द शोधून शोधून खोडला, शेवटची दोन वाक्यं बदलली. बुटाच्या परिच्छेदात मात्र एक अक्षरही बदलावं लागलं नाही.