दुष्काळातला हबक्कूक

शाळा भरल्याची घंटा झाली की आधी उपासना. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बहुतेक शिक्षक शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, एखादा दाखला घेत, नाहीतर स्तोत्र वाचून प्रार्थना करत. आमच्या सरांची पाळी आली की मात्र संदेष्टे निघायचे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांची बायबलमधली पुस्तकं. यशया, यिर्मया, यहेज्केल, आमोस. एकेका पुस्तकावर ते आठवडाभर रेंगाळत, रोज चारच ओळी.

१९७२ साली मी आठवीत होते, बोर्डिंगमध्ये राहायचे. त्या सालाबद्दल आमच्या पिढीला काही विचारू नये. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. बोर्डिंगमध्ये मिलोची लाल भाकरी आणि सुकडी. सुट्टीत घरी गेले तेव्हा बैल विकले होते. दावणीला नुसती दावी लोंबत होती आणि आईच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

परत आले त्या आठवड्यात सरांनी हबक्कूक हा संदेष्टा काढला. जेमतेम तीन अध्यायांचं पुस्तक. त्याचा शेवट मी देवळात ऐकलेला होता: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सरांनी आम्हाला तिथपर्यंत लगेच जाऊच दिलं नाही. आधी पहिला अध्याय. मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असं हबक्कूक देवालाच विचारतो. सर म्हणाले, "हा देवाचा माणूस आहे आणि देवाला जाब विचारतोय. तुमच्या मनात असेल ते तुम्हीही विचारा." दुसऱ्या दिवशी तो बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो, तेवढंच वाचलं. मिळालेलं उत्तरही सोपं नव्हतं. खास्दी, म्हणजे बाबेलचे (बॅबिलोनचे) लोक चालून येणार, हे टळणार नव्हतं. इतकं सगळं झाल्यावर शनिवारी गोठ्याची ती ओळ आली. सर ती वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची दावण होती. मी रडले, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच मला हलकं वाटलं.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचीही अशीच आठवण आहे. 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा' हे शब्द यरुशलेम गमावून बाबेलात पडलेल्या लोकांसाठी आहेत, हे सरांनी फळ्यावर नकाशा काढून दाखवलं. पुढे मेंढपाळ कोकरं उराशी धरतो अशी ओळ येते. वर्गात एक धनगराचा मुलगा होता. सरांनी त्यालाच उभं केलं आणि विचारलं, "कोकरू कसं नेता रे तुम्ही?" तो म्हणाला, "नुकतं जन्मलेलं असलं तर घोंगडीत घेऊन छातीशी धरतो. आणि त्याच्या आईला दामटत नाही, ती तिच्या चालीनं येते." सरांनी पुस्तक त्याच्यापुढे धरून तीच ओळ त्याला वाचायला लावली. पोथीतलं आपल्या घरात निघालं म्हणून त्याचा चेहरा जो फुलला, तो आजही दिसतो.

पुढे मी नर्स झाले. रात्रपाळीत माणूस गेल्यावर नातेवाइकांशी काय बोलावं, हे कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. तेव्हा यहेज्केल आठवायचा. खबार नदीकाठी बंदिवानांच्या वस्तीत तो गेला आणि सात दिवस त्यांच्यामध्ये सुन्न बसून राहिला. मीही स्टूल ओढून शेजारी बसायचे. बऱ्याचदा तेवढंच पुरायचं.

आता निवृत्तीनंतर मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायकांसाठी रोजचं मनन लिहिते. एक गोष्ट मनाला लागते, ती इथे लिहितेच. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत हे सांगणारं, घरोघरी भिंतीवर असतं. ते ज्या पत्रातलं आहे ते पत्र मात्र कोणी वाचत नाही. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलं होतं: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या परक्या नगराचं भलं मागा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टाही त्याच काळात होता, आणि लोकांना तोच गोड वाटत असणार. यिर्मयाने खोटा धीर दिला नाही. सत्तर वर्षांचा आकडा सांगून मग आशा दिली, म्हणून ती माझ्या रुग्णांच्या घरच्यांनाही सांगता आली.

शाळेच्या शताब्दीनिमित्त तिच्या चालकांना माझी एक विनंती आहे. हल्ली उपासनेचा वेळ सूचना आणि बक्षिसांच्या घोषणांमध्ये जातो असं ऐकते. आठवड्यातला एक दिवस तरी संदेष्ट्यांसाठी ठेवा, आणि वाचन मुलांकडून करून घ्या. हबक्कूकापासून सुरुवात केली तर फार बरं, आणि पहिला अध्याय गाळू नका.