व्ह्यूज विकत न देता चालवलेली व्हिडिओ फर्म: आमची वाटचाल

सांगलीत आमची फर्म सुरू झाली ती लग्नाच्या शूटिंगवर. सीझनला कॅमेरे बाहेर, बाकी वर्षभर अल्बम आणि एडिटिंग. मग २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं, वाडीवस्तीवरची माणसं पण मोबाईलवर तासन्‌तास व्हिडिओ बघायला लागली आणि तासगाव, मिरज साईडचे कृषी सेवा केंद्रवाले, क्लासवाले, द्राक्ष बागायतदार येऊन म्हणायला लागले की आम्हाला पण यूट्यूब चॅनल काढून द्या. तिथून लग्नाचं काम कमी होत गेलं आणि हे वाढत गेलं.

पण प्रत्येक नव्या पार्टीचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, व्हिडिओ भारी होईलच ओ, व्ह्यूज किती देणार ते सांगा." आणि आमचं उत्तर पण पहिल्यापासून ठरलेलं, व्ह्यूज आम्ही देत नाही, बघणारा देतो. यावर बरेच जण उठून गेले, कारण शेजारचाच कोणीतरी तेवढ्याच पैशात लाखाची गॅरंटी देत असतो. तो हे कसं करतो ते लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एसएमएम पॅनल म्हणून वेबसाईट असतात, वॉलेटमध्ये पैसे टाकायचे, व्हिडिओची लिंक पेस्ट करायची आणि हजाराच्या भावाने व्ह्यूज, लाईक, सबस्क्रायबर, कमेंटसुद्धा घ्यायच्या. त्यांची भाषा पण बघा, नॉन-ड्रॉप म्हणजे आकडा पडणार नाही, हाय रिटेन्शन म्हणजे व्हिडिओवर जास्त वेळ थांबणार, रिफिल म्हणजे यूट्यूबने उडवले तर परत भरून देणार. मागे माणूस नसतो, घाऊक बनवलेली अकाउंट आणि ती आपोआप चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट असतात. आणि डिसलाईक पण विकत मिळतात, दुसऱ्याच्या व्हिडिओवर मारायला, हे ऐकून आमच्याकडचे लोक सगळ्यात जास्त चक्रावतात. हे सगळं किती स्वस्त आहे बघा, लॅटव्हियातल्या रिगामध्ये नाटोशी जोडलेलं एक संशोधन केंद्र आहे, त्यांनी २०१९ मध्ये मुद्दाम विकत घेऊन बघितलं, फक्त ३०० युरोत फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर, यूट्यूब मिळून ३,५३० कमेंट, २५,७५० लाईक, २०,००० व्ह्यूज आणि ५,१०० फॉलोअर आले, आणि चार आठवड्यांनी बघितलं तरी पाचातले चार तसेच जागेवर होते.

यूट्यूबचं आणि या लोकांचं भांडण जुनं आहे. पूर्वी नवीन व्हिडिओचे व्ह्यूज ३०१ वर येऊन अडकायचे ते आठवतंय का? ते खरे-खोटे तपासण्यासाठीच थांबायचे, २०१५ ला बंद झालं ते. २०१२ पासून नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ बघितलं याला वजन आलं, आणि इथेच विकतच्या व्ह्यूजचा तोटा आहे असं माझं ठाम मत आहे, बॉट पाच-दहा सेकंदांत निघून गेला की तुमचा सरासरी वॉच टाइम पडतो आणि चांगला व्हिडिओ असून पुढे सरकत नाही. रिटेन्शनवाले महागडे बॉट घेतले तरी त्यातला एकही जण कृषी सेवा केंद्रात औषध घ्यायला येत नाही हो!

आमच्या एका बागायतदार काकांचा किस्सा सांगतो. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर (एप्रिलची छाटणी) जादा फुटी काढायच्या, त्या विरळणीवर त्यांचा व्हिडिओ होता, एकदम मनापासून सांगितलेला, आणि एका रात्रीत डिसलाईकचा ढीग. काकांचा सकाळी फोन, "पोरांनो, माझं काय चुकीचं गेलं का रे? खाली काढूया का?" आवाज एवढा पडलेला की आम्ही हातातलं काम ठेवून यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनलवाल्याला आकडे दिसतात ते पान उघडलं. डिसलाईक रात्रीतून चढलेले, पण तेवढ्या वेळात व्ह्यूज जेमतेम हललेले, वॉच टाइम जागेवर, एकही वाईट कमेंट नाही. न बघताच अंगठा खाली, असं शेतकरी करत नाही, त्याला पटलं नाही तर तो खाली चार ओळी लिहून भांडतो. काकांना ग्राफ दाखवला, व्हिडिओ काढला नाही, आणि त्या छाटणीला त्यावरूनच त्यांना फोन येत राहिले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाईकचा आकडा लोकांपासून लपवला, कारण दिलं की ठरवून डिसलाईक मारतात आणि छोट्या चॅनलना जास्त त्रास होतो. काकांसारख्यांसाठी मला ते बरं वाटलं, पण निम्मंच. कारण फवारणीच्या औषधाचा चुकीचा डोस सांगणारे पण व्हिडिओ आहेत, पूर्वी खाली डिसलाईक बघून शेतकरी सावध व्हायचा, आता त्याला फक्त लाईक दिसतात आणि ते तर विकत मिळतात. चुकीच्या फवारणीने घड जळले तर वर्षाचं पीक गेलं, हा नुसता आकड्यांचा खेळ नाहीये.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत डेव्हुमी नावाची फॉलोअर आणि व्ह्यूज विकणारी कंपनी होती, तिच्यावर २०१९ मध्ये एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली, आणि २०२४ ला असे बॉटचे आकडे विकण्या-घेण्यावर नियमच केला. आपल्याकडे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी फेक फॉलोअरची केस केली होती, त्याच वर्षी टीव्ही चॅनलच्या टीआरपीचे, म्हणजे किती लोक बघतात त्याचे आकडे फुगवल्याचं प्रकरण पण गाजलं.

आता आम्ही करारातच लिहून घेतो की चॅनलवर पॅनलचं काहीही टाकायचं नाही, आमच्याकडून नाही आणि पार्टीकडूनही नाही, टाकलेलं दिसलं तर काम थांबतं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये व्ह्यूज सगळ्यात शेवटी असतात, आधी रिटेन्शनचा, म्हणजे लोक व्हिडिओत कुठपर्यंत टिकले त्याचा ग्राफ, मग कुठल्या भागातून बघितलं, मग लाईक-डिसलाईक दोन्ही (चॅनलवाल्याला डिसलाईक अजून दिसतात), आणि कमेंटमधले प्रश्न आम्ही वेगळे काढून देतो कारण पुढचा व्हिडिओ त्यातूनच निघतो. सध्या ऑक्टोबर छाटणीची सिरीज चालू आहे, डाउनी या द्राक्षावरच्या रोगाबद्दल लोकांनी एवढं विचारलंय की त्यावर वेगळा भाग करायला घेतलाय.