सेल बदलला, तरी गाडी उघडेना

एप्रिलमध्ये आमच्या गाडीच्या रिमोट चावीने मला तीन आठवडे नाचवलं. त्यात पैसे गेले त्यापेक्षा अब्रू जास्त गेली. गाडी म्हणजे आठ वर्षं जुनी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, चावी ती फ्लिपवाली, बटण दाबलं की पातं टपकन बाहेर येतं. एक दिवस ऑफिसातून आलो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, उतरून लॉक दाबलं तर काहीच नाही. इंडिकेटर लुकलुकला नाही, दाराचा टक आवाज नाही. चार वेळा दाबलं, गाडीला प्रदक्षिणा घातली, शेवटी चावी काचेला टेकवून दाबलं तेव्हा कुठे लॉक झाली. म्हणलं सेल गेला, दुसरं काय असणार.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांचा सीआर२०३२ आणला. हा आकडा म्हणजे काही कोड वगैरे नाही हं, २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. त्यामुळे दुकानदार म्हणाला की "२०२५ पण बसतो साहेब" तर ऐकू नका, तो २.५ मिलिमीटरचाच असतो, बसतो खरा पण आत खुळखुळतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की चावी मधेच मेल्यासारखी करते. चावीच्या कडेला खाच असते त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून उघडायची, जोर लावायचा नाही, आणि जुना सेल काढताना प्लस कुठल्या बाजूला होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, कारण काढल्यावर आठवत नाही, कोणालाच नाही. अजून एक, हल्ली काही सेलवर कडू थर देतात, लहान मुलांनी तोंडात घातला तर थुंकून टाकावा म्हणून (आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर सोडूच नका, गिळला तर अन्ननलिका जळते, थट्टा नाही). पण त्याच थरामुळे कधीकधी कॉन्टॅक्ट नीट होत नाही, कापडाने जरा पुसून घालायचा.

एवढं सगळं करून नवीन सेल घातला. घरात बसून दाबलं, चावीवरचा लाल दिवा झकास लागला. खाली गेलो तर गाडी ढिम्म.

मग मी तो हनुवटीचा प्रकार केला. चावी हनुवटीखाली टेकवून बटण दाबलं की रेंज थोडी वाढते, हे खरंय, आपल्या डोक्यातलं पाणी सिग्नल पसरवायला हातभार लावतं. पण रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये चावी गळ्याला लावून एक पाऊल मागे एक पाऊल पुढे करणारा माणूस वॉचमनकाकांना कसा दिसत असेल त्याचा मी विचार केला नव्हता. "साहेब, बरं वाटत नाहीये का?" म्हणाले.

शेवटी पात्याने दार उघडलं. आणि लागला भोंगा. तर हे लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांमध्ये रिमोटने लॉक केलेली गाडी नुसत्या चावीने उघडली की तिला वाटतं चोर आला. घाबरून दार परत लावू नका, चावी घालून इग्निशन ऑन करा, बंद होतो. मी आधी दार लावलं, मग बॉनेट उघडायला गेलो, मग बी विंगच्या गॅलरीत लोक जमले.

गाडी चालू मात्र एका फटक्यात व्हायची. यात मी आधी गोंधळलो होतो, म्हणलं रिमोट मेलाय तर इंजिन कसं लागतंय. पण ही दोन वेगवेगळी खाती आहेत. दार उघडणारा भाग सेलवर चालतो, पण इंजिनला परवानगी देणारी छोटी चिप असते तिला सेल लागतच नाही, इग्निशनच्या भोवती जी कॉइल असते तिच्याकडूनच ती वीज घेते आणि आपला नंबर सांगते. बटणवाल्या गाड्यांमध्येही तसंच, माझ्या बहिणीची चावी मागे एका लग्नात सेल संपून बंद पडली तेव्हा चावीच्या पोटातलं लपवलेलं पातं काढून दार उघडलं आणि चावी स्टार्ट बटणाला चिकटवून बटण दाबलं, गाडी चालू. काही गाड्यांत ती जागा कन्सोलमध्ये कुठेतरी असते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते, वेळ येण्याआधी वाचा.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने बटण दाबलं, गाडी टक करून उघडली. परत दाबलं, परत. मी बघतच राहिलो, दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो तसं. तरीपण आतल्या सुपरवायझरचं म्हणणं "रिमोट वीक झालाय, नवीन टाकू, प्रोग्रॅमिंग धरून साडेसात हजार." मी विचार करून सांगतो म्हणलं आणि निघालो. खरं तर उत्तर तिथेच माझ्यासमोर होतं, पण मला दिसलं नाही.

त्यानंतर भाचीवर संशय घेतला. ती चावी घेऊन सोफ्यावर तासभर टकटक करत बसली होती. याला आधार आहे, प्रत्येक वेळी बटण दाबलं की चावी नवीन कोड पाठवते, जुना कोणी चोरून रेकॉर्ड केला तरी उपयोग नाही म्हणून, आणि गाडी पुढचे ठराविक कोडच मान्य करते. गाडीपासून लांब बसून फारच वेळा दाबलं तर चावी गाडीच्या पुढे निघून जाते आणि ओळख तुटते. पण तसं झालं असतं तर चावी कुठेच चालली नसती. भाची निर्दोष सुटली, तिला आइस्क्रीम द्यावं लागलं ते वेगळं.

कपाटातली स्पेअर चावी काढली, तिलाही नवीन सेल. पार्किंगमध्ये ती पण ढिम्म. दोन चाव्या एकाच आठवड्यात कशा मरतील? म्हणून गाडीची मोठी बॅटरी तपासून आणली, साडेबारा व्होल्ट, ठणठणीत.

रविवारी मेव्हणा जेवायला आला. त्याला हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने वायरलेसवर लांबच्या लोकांशी बोलायचा नाद आहे, घरी गच्चीवर तारा लावून ठेवल्यात. सगळी रामकहाणी ऐकून त्याने एकच विचारलं, "दाजी, ऑफिसात चालते का?" चालते. "पेट्रोल पंपावर?" चालते. "मग चावीला का छळताय, जागा बघा ना."

आपल्याकडे या चाव्या बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झ या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर बोलतात (अमेरिका, जपानमध्ये ३१५). ४३३ ते ४३४ हा पट्टा कमी पॉवरसाठी लायसन्सशिवाय मोकळा आहे, म्हणून तिथे गर्दी पण तेवढीच, गेटचे रिमोट, वायरलेस बेल, हवामानाचे सेन्सर, सगळे तिथेच ओरडतात. सगळे क्षणभर ओरडून गप्प होतात म्हणून जमतं. एखादा गप्पच झाला नाही की बाकीच्यांचं ऐकू येत नाही. मेव्हण्याने सांगितलं की २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात एका आख्ख्या वस्तीतल्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजची दारं चालेनाशी झाली होती, आणि शेवटी सापडलं काय तर एका हौशी माणसाने घरी बनवलेलं यंत्र, ३१५ वर सतत सिग्नल सोडत बसलेलं. त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

जेवण झाल्यावर तो लॅपटॉप आणि हवेतले सिग्नल स्क्रीनवर दाखवणारा यूएसबीचा रेडिओ डोंगल घेऊन खाली उतरला, मी मागे, माझ्या मागे वॉचमनकाका. स्क्रीनवर ४३३ च्या जरा पुढे एक जाड पिवळी रेघ, हलेना की तुटेना. मी चावी दाबली तर तिच्या शेजारी एवढासा ठिपका उमटला. लग्नात बँडसमोर उभं राहून कोणाच्या कानात बोलावं तसं. काचेला टेकवल्यावर का चालायची तेही तेव्हा कळलं, कानाशी तोंड नेलं की ऐकू येतंच.

मग लॅपटॉप घेऊन पार्किंगभर फिरलो, रेघ कुठे जाड होते ते बघत. माझ्या गाडीपासून दहा पावलांवर पंपरूम, तिच्या दाराशी सगळ्यात जाड. आत नवीन पांढरा डबा, मार्चअखेर बसवलेला. खालच्या टाकीत पाणी किती हे गच्चीवरच्या कंट्रोलरला वायरलेसने कळवायचं आणि तो सांगेल तेव्हा पंप बंद करायचा, हे त्याचं काम, टँकरचे दिवस म्हणून कमिटीने हौसेने घेतलेला. तो दर दोन मिनिटांनी कळवायच्या ऐवजी अखंड कळवत होता. "अहो म्हणजे तळमजल्यावरच्या मॅडमची गाडी पण..." वॉचमनकाका म्हणाले, आणि मग अजून दोघांची नावं आठवली त्यांना. त्यातल्या एकाने नवीन रिमोट घेतला पण होता.

चेअरमनकाकांना फोन लावला, त्यांनी "बघा बुवा तुम्हीच, मला त्यातलं कळत नाही" म्हणलं, तेव्हा मेव्हण्याने डब्याचं स्विच बंद केलं. रेघ गेली. मी लिफ्टच्या दारातून, म्हणजे चाळीस फुटांवरून, बटण दाबलं. टक. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हा झाला नव्हता. पाच-सहा वेळा उगाचच उघडझाक केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात चेअरमनकाका, बनियनवर. पंप रात्रभर बंदच झाला नव्हता, गच्चीवरून टँकरचं पाणी जिन्याने खाली येत होतं, आणि काल पंपरूममध्ये कोण गेलं होतं हे वॉचमनकाकांनी खरंखरं सांगून टाकलं होतं.