कुठी जाऊन बसाचं?

गेल्या रविवारी कामठीला बाबांसोबत 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' पाहिला. मी तिसऱ्यांदा, ते पहिल्यांदा. १९९८ चा हा सिनेमा लढाईने सुरू होत नाही. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या अमेरिकन दफनभूमीत एक म्हातारा चालत येतो, घरचे चार पावलं मागे, आणि पांढऱ्या क्रुसांच्या रांगांत एका क्रुसापुढे गुडघे टेकतो. नऊ हजारांवर सैनिक तिथं पुरलेले आहेत. मग ओमाहा किनाऱ्यावरची ती गाजलेली लढाई. ती सुरू झाली तसे बाबा उठून अंगणात गेले. शेवटी तीच कबर पुन्हा आली, तेव्हा दाराशी उभे राहून पाहत होते.

"आपल्या माणसापाशी कुठी जाऊन बसाचं?" एवढंच म्हणाले.

१९७१ च्या लढाईत त्यांचा एक सोबती गेला. त्याला तिकडेच अग्नी दिला. पार्थिव गावी पाठवायची रीत कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये रुळली. त्याआधी बहुतेकांचं असंच व्हायचं. आपल्या युद्धपटांत तिरंग्यातली पेटी येते, बिगूल वाजतो, आई दिसते आणि सिनेमा संपतो. पन्नास वर्षांनी त्या माणसाला भेटायला कोण येतं, कुठं येतं, हे आपण दाखवतच नाही. मला ते फार लागतं.

मी नागालँडमधल्या कोहिमाला गेलो होतो. १९४४ साली जिथं टेनिस कोर्टाच्या आरपार जपान्यांशी लढाई झाली, त्याच टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी १४२० कबरी आहेत. कोर्टाच्या रेषा सिमेंटमध्ये जपल्यात. चढत अगदी वर गेलं की एक स्मारक लागतं, ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं. त्यांना अग्नी दिला होता, म्हणून कबर नाही. नावं मात्र आहेत, आणि सगळ्यांत उंच जागी आहेत. मी तिथं पाऊण तास बसलो. आपल्या एखाद्या दिग्दर्शकाने त्या नावांसमोर कॅमेरा ठेवावा आणि पार्श्वसंगीत बंद ठेवावं.

आमचा नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस उघडतो. २६ जानेवारीला पोरांना घेऊन गेलो. १८१७ च्या लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी तिथं आहेत. आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने पडलेल्या एकाचंही नाव मला दिसलं नाही. धाकटीने विचारलं, "आपले कुठं आहेत?" नात आणि आजोबा, प्रश्न एकच.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं. मागच्या वर्षी कामानिमित्त गेलो तेव्हा तिथल्या ग्रॅनाइटवर बाबांच्या सोबत्याचं नाव शोधून फोटो काढला होता. दाखवायचा धीर झाला नव्हता. रविवारी रात्री मोबाइलवर दाखवला. बाबांनी नावावर बोट ठेवलं तर फोटोच सरकला. मी परत आणून दिला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांनी तो वाचला, नंबर, हुद्दा, नाव, सगळं मोठ्याने.